वहिवाट

मुहम्मद कासिम फरिश्ता हा इतिहासकार बालवयात पित्यासमवेत अहमदनगरास आला, मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत येथेच वाढला, आणि पुढे १५८९ साली विजापूरच्या दरबारी आश्रय घेऊन त्याने जो विस्तीर्ण फारसी इतिहास सिद्ध केला, त्यात ह्या शहरासंबंधी एक नोंद आहे, जी तरुणपणी माझ्या वाचनात आली तेव्हापासून आजतागायत मनातून गेलेली नाही. शहर वसविणारा अहमद निजामशहा हा स्वतः तलवारीचा निष्णात धारकरी होता. राजाचा छंद तोच प्रजेचा धर्म ह्या न्यायाने नगरच्या तरुणांत एकास एक द्वंद्व खेळण्याचे वेड इतके शिगेस पोहोचले की, अन्य शहरांत ज्या मोहल्ल्यांतून मदरसे आणि पाठशाळा असावयाच्या त्या मोहल्ल्यांतून येथे तालमी उघडल्या गेल्या, आणि चार माणसे जमली म्हणजे विद्येच्या गोष्टींऐवजी हातांच्या आणि वारांच्या गोष्टी निघू लागल्या. फरिश्त्यास हे मुळीच रुचलेले नाही. द्वंद्वाचे हे लोण नगरातून सबंध दख्खनभर पसरले, आणि क्षुल्लक शब्दावरून माणसे एकमेकांच्या जिवावर उठू लागली, असे तो विषादाने सांगतो.

त्याचा विषाद रास्त आहे. परंतु ज्या शहराविषयी इतिहासकाराची तक्रार अशी की येथील पोरे शाळा सोडून तालमीत जातात, त्या शहराचा मी पाचशे वर्षांनंतरचा रहिवासी आहे, आणि शाळेपेक्षा तालमीत आपण अधिक शिकलो अशी माझी स्वतःची समजूत असल्यामुळे, फरिश्त्याची ती तक्रार मला जुन्या दप्तरात अवचित सापडलेल्या आपल्याच घराण्याच्या दाखल्यासारखी वाटते. शहराचे नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झाले आहे. तालमींचे म्हणाल तर त्यांतील काही आजही चालतात. पण जुन्या पेठांतून हिंडताना असेही आढळते की गणेशोत्सवाच्या मंडपावर जिचे नाव मोठ्या अक्षरांत झळकते आहे, त्या तालमीचा हौद केव्हाच बुजविला गेला आहे, वर फरशी आली आहे, आणि आत कॅरमचा डाव रंगला आहे. नाव शाबूत, माती गेलेली. ह्याबद्दल गळा काढण्याचा माझा इरादा नाही, कॅरमही चांगला खेळ आहे. पण कसलेल्या शरीराचे आणि कमावलेल्या कोणत्याही विद्येचे जे होत असते त्याचा हा नमुना डोळ्यांसमोर असलेला बरा.

मी ज्या तालमीत वाढलो ती माळीवाड्याच्या बाजूची, ठेंगण्या दरवाज्याची, आत शिरताना बलदंडालाही मान लववावयास लावणारी. समोर शेंदराने माखलेला मारुती, एका कोपऱ्यात लाकडी मुद्गल आणि खिळ्यांचे करेले, भिंतीशी कमरेएवढी दगडी नाल, आणि मधोमध तांबड्या मातीचा हौद, ज्याला आम्ही देवघराइतकेच जपत असू. ही माती म्हणजे रानातून आणून ओतलेली ढेकळे नव्हेत: ती चाळावी लागते, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस आणि कापूर घालून ती दिवसेंदिवस मळावी लागते, आणि मग तिला जो वास येतो, तो ज्याच्या नाकात एकदा बसला त्याला पुढे कोणत्याही अत्तराचे फारसे अप्रूप राहत नाही. पहाटे, म्हणजे नगरच्या हिवाळ्यात बोटे वाकत नाहीत अशा वेळी, सर्वांत प्रथम करावयाचे काम म्हणजे फावडे घेऊन हा हौद एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उकरणे. दिवसभराच्या पायांखाली माती दबून दगडासारखी झालेली असे. ती उकरून, उलथून, पुन्हा सपाट करावयाची. संध्याकाळपर्यंत ती परत दबलेली असणार हे उघड होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

नव्याने आलेल्या पोराला वस्ताद कितीतरी महिने दुसरे काही करू देत नसत. उकरणे, जोर, बैठका, आणि थोरल्या पठ्ठ्यांच्या अंगाला तेल चोळणे, एवढीच आमची दिनचर्या. धोबीपछाड, कलाजंग, ढाक, मोळी, घिस्सा ही नावे आम्हांला तोंडपाठ, यात्रेतल्या मैदानात ती पाहून आलेलो, रात्री अंथरुणात एकमेकांवर त्यांचा प्रयोगही करून पाहिलेला. पण वस्तादांपुढे डाव शिकविण्याचा विषय काढला की ते जोरांची संख्या वाढवून देत. त्या काळी मला ही निव्वळ जुलमी रीत वाटे. पुढे कळले की फावडे मारताना कंबर, पाठ आणि खांदे ज्या क्रमाने कामास लागतात, त्याच क्रमाने ती प्रतिस्पर्ध्याला उचलताना लागतात. आणि ते शिकविण्यासाठी वस्तादांपाशी शब्द नसल्यामुळे त्यांनी फावडे दिले होते. त्यांचे अक्षरज्ञान सहीपुरते होते. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांनी १९३६ ते १९४९ ह्या काळात दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश काढला, त्यातला एक खंड मी एकदा हौसेने त्यांना नेऊन दाखविला. त्यांनी चित्रे लक्षपूर्वक पाहिली, एका चित्रातील पठ्ठ्याचा डावा पाय चुकला आहे असे सांगितले, आणि पुस्तक परत देताना ते मस्तकास लावले.

जोर काढावयास बसलेल्या मुलाशी ते बोलत काहीच नसत, फक्त पाहत. शंभरावा जोर आणि पहिला जोर ह्यांत त्यांना काही फरक दिसला तर ते शेवटचे जोर हिशेबात धरीत नसत. ‘‘हे वारं घातलंस, जोर नाही,’’ एवढेच म्हणत. तेव्हा संख्येचा अभिमान गळून पडण्यास मला बराच काळ लागला, आणि त्यानंतर जी अवस्था आली ती अधिक कठीण होती. कारण संख्या गेली म्हणजे प्रगती मोजावयास हाती काही उरत नाही. पहिल्या काही महिन्यांत शरीर झपाट्याने बदलते. ह्याचे कारण शास्त्रज्ञ असे देतात की आरंभीची वाढ स्नायूंच्या आकारापेक्षा मज्जातंतूंच्या नव्या शिस्तीची असते: आहे तेच बळ एकवटून वापरावयास शरीर शिकते. नंतर स्नायू वाढतो तो धीमेपणाने, आणि त्याला हाडाशी बांधणारे कंडरे तर त्याहूनही धीम्या चालीने. म्हणजे उत्साह महिन्यांचा, मांस वर्षांचे आणि कंडरे कितीतरी वर्षांचे, अशी ही विषम जोडी एकाच देहात नांदत असते, आणि उत्साहाच्या चालीने चालणाऱ्याचा खांदा अथवा गुडघा एके दिवशी निखळतो तो ह्याच कारणाने.

हळूहळू भार वाढवीत नेण्याचे तत्त्व काही नवीन नाही. दक्षिण इटलीतील क्रोटोन ह्या ग्रीक वसाहतीचा मायलो हा मल्ल रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चाले आणि वासराचा बैल होईतो त्याचे चालणे थांबले नाही, ही कथा सर्वश्रुत आहे. आणि दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या अमेरिकन सैनिकांचे गुडघे पुन्हा कामास लागावेत म्हणून थॉमस डिलॉर्म ह्या वैद्याने १९४५ मध्ये वाढत्या वजनांची जी शास्त्रशुद्ध पद्धती मांडली, तीही तत्त्वतः तीच. पण मायलोच्या कथेत मला नेहमी एक उणीव भासते. ती वासराच्या वाढीची कथा आहे. बैल पूर्ण वाढला, आता तो आणखी जड होणार नाही, आणि तरीही उद्या तो उचलावयाचाच आहे, त्या दिवसापासून पुढे मायलोने काय केले, ते कोणी सांगत नाही. साधकाचे बहुतेक आयुष्य त्या दिवसाच्या पलीकडे जाते.

नोकरीची माझी सारी वर्षे महसूल खात्यात गेली. सकाळी हौद आणि नंतर कचेरी असा तो क्रम होता, आणि कचेरीत माझ्या वाट्यास जी प्रकरणे अधिक आली ती बांधांची आणि वाटांची. पारनेर-पाथर्डीकडील कोरडवाहू गावांत एकवेळ जमिनीचा तंटा सामोपचाराने मिटेल. वाटेचा मिटत नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्यान्वये कोणी कोणाची शेतात जाण्याची वाट अडविली तर अडविल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते, आणि मग स्थळपाहणी, पंचनामा, चतुःसीमा, लगतच्या खातेदारांचे जबाब असा सरंजाम निघतो. त्यात निर्णायक प्रश्न एकच असावयाचा: वहिवाट आहे काय? नकाशात रेष असो वा नसो, ह्या बांधावरून ह्या माणसाची बैलगाडी प्रत्यक्ष जात आली आहे की नाही? १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा असे सांगतो की वीस वर्षे निर्वेधपणे, उघडपणे, हक्क म्हणून वापरलेल्या वाटेवर माणसाचा अधिकार उत्पन्न होतो. आणि तोच कायदा काही कलमांनंतर हेही सांगून ठेवतो की सलग वीस वर्षे वापर झाला नाही तर तो अधिकार लयास जातो. चालण्याने मिळाले, न चालण्याने गेले. मधल्या काळात त्या वाटेवरून कोण किती डौलाने गेला ह्याची कायद्याला फिकीर नाही.

ह्या कलमांशी दररोजचा संबंध असलेल्या माणसास आपले दंड, आपली छाती, आपला श्वास ही इनामी जमीन आहे असे वाटणे शक्य नव्हते. ताकद ही मालकीची वस्तू होऊच शकत नाही. तिची केवळ वहिवाट असते. आणि देहाचा कायदा सरकारी कायद्याहून फार कडक आहे. वीस वर्षांची मुदत तो देत नाही. काही आठवड्यांची देतो, आणि त्यानंतर बिनबोभाट अतिक्रमणास सुरुवात होते. एका बाबतीत मात्र तो उदार आहे, हे नमूद केले पाहिजे: ज्याने एकेकाळी दीर्घकाळ मेहनत केली आहे त्याने खंडानंतर पुन्हा सुरुवात केली तर गेलेले बळ नवख्यापेक्षा लवकर परत येते. जुन्या वापराची कुठे तरी, स्नायूंच्या पेशींत म्हणा वा मज्जेत म्हणा, नोंद राहिलेली असते. पण नोंद म्हणजे हक्क नव्हे. पुन्हा चालावे लागतेच.

अभ्यासाच्या सामर्थ्याचे जे वर्णन मला सर्वांत थोर वाटते ते ह्याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, नेवाशास सांगितले गेले. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीता मराठीत सांगितली असे परंपरा मानते तो पैस नावाचा खांब आजही तेथे आहे. बाराव्या अध्यायात अभ्यासयोगाचा श्लोक आला असता ज्ञानदेव एकामागून एक दाखले देत जातात: अभ्यासाच्या बळावर कोणी अंतराळात गती मिळविली, कोणी वाघ आणि साप सौम्य करून सोडले, विषदेखील कोणाच्या आहारात पचनी पडले, आणि समुद्रावरून पायवाट झाली. ऐन तारुण्यातील हा महापुरुष हे सांगताना किती सहजपणे बोलतो! वाघ-सर्पांची गोष्ट समजते, विषाचीही समजते. ज्यांनी आयुष्यभर तमाखू पचविली अशी माणसे आपण पाहतोच. पण समुद्रावरील पायवाटेपाशी माझ्यातला महसुली कारकून नेहमी थबकतो.

जमिनीवरील वाट ही पायांनी पडते आणि पडल्यावर काही काळ टिकते. तिच्यावर गवत उगवत नाही, चाकोरी दिसते, पंचांना बोट दाखविता येते. समुद्रावर पाऊल उमटत नाही. काल तुम्ही त्यावरून गेला होता ह्याचा कोणताही पुरावा आज पाण्यावर नसतो, आणि आजही जावयाचे असेल तर कालच्याइतकेच सावधपणे, पहिल्यांदाच जात असल्यासारखे जावे लागते. तेथे वहिवाट आहे, पण चाकोरी नाही. प्रावीण्य म्हणून जे काही असेल ते असेच असले पाहिजे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. कारण कसलेल्या गवयास विचारा, निष्णात शल्यवैद्यास विचारा, किंवा पन्नास वर्षे भाकरी थापणाऱ्या एखाद्या आजीबाईस विचारा, हाताला सवय आहे म्हणून डोळे मिटून केले तर काय होते हे तिघेही सारखेच सांगतील. सवय काम सोपे करते; परंतु लक्ष काढून घेण्याचा परवाना ती देत नाही. वस्तादांना शंभराव्या जोरात जे दिसत असे ते हेच. बाहू वाकत होते, पण माणूस तेथून निघून गेलेला होता.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन जेव्हा मनाला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे असे म्हणतो, तेव्हा त्याला अभ्यासाबरोबर वैराग्य हेही साधन सांगितले जाते. आम्ही पहिले साधन उचलले आणि दुसरे संन्याशांसाठी ठेवून दिले. तालमीत वैराग्य म्हणजे भगवी वस्त्रे नव्हेत. आपण काल उचललेले वजन आज उचलले गेले नाही तर ते खाली ठेवता येणे, इतकेच ते वैराग्य आहे, आणि ते मी ज्यांच्यात पाहिले अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो, अशी म्हण आपल्याकडे आहे, आणि तिचा अर्थ सर्वजण असा करतात की शिष्य उलटला तर त्याला चीत करावयास गुरू एक हुकमी हत्यार लपवून ठेवतो. ह्या अर्थात गुरूबद्दल आदर कमी आणि संशय अधिक आहे. आमच्या वस्तादांच्या बाबतीत तरी मला तो खरा वाटत नाही. त्यांनी अमुक एक गोष्ट दाखविली नाही असे कधी घडले नाही. एकच घिस्सा त्यांनी आम्हां सर्वांना सारख्याच रीतीने, सारख्याच वेळा करून दाखविला. आमच्या हातून तो डाव होई, आणि त्यांच्या हातून समोरचा माणूस आपण होऊन पडल्यासारखा पडे. जो क्षण साधावयाचा तो त्यांच्या बोटांना कळे आणि आमच्या बोटांना कळत नसे. ते त्यांनी लपविले नव्हते; ते उचलून देता येण्यासारखे नव्हतेच. राखून ठेवलेला डाव म्हणतात तो वर्षे राखून ठेवतात, वस्ताद नव्हे.

देहाविषयी वहिवाटीचे हे जे मी म्हणतो आहे ते एका संपूर्ण गावाच्या बाबतीत खरे ठरलेले मी ह्याच तालुक्यात पाहिले आहे. हिवरे बाजार हे नगर तालुक्यातील गाव एकेकाळी पहिलवानांसाठी पंचक्रोशीत नावाजलेले होते. यात्रेचा हगामा भरला की तेथील मल्लांच्या जोडी लावताना पंच दोनदा विचार करीत, असे जुनी माणसे सांगत. मग डोंगर उघडेबोडके झाले, विहिरी आटल्या, १९७२ चा दुष्काळ पडला, आणि ज्या गावात दूध-तुपाचा खुराक होता त्या गावात दारूच्या भट्ट्या लागल्या. ताकदीची वहिवाट मोडली ती अशी. तरणीताठी माणसे रोजगारासाठी गाव सोडून गेली, आणि मागे राहिलेल्यांत भांडणे माजली.

१९८९ साली तेथील तरुणांनी आग्रह धरून पोपटराव पवार ह्या वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या तरुणास सरपंच केले. त्यांचा ओढा क्रिकेटकडे होता, आणि घरच्यांची अपेक्षा त्यांनी शहरात नोकरी धरावी अशी होती. पुढे जे घडले ते आता देशभर ठाऊक आहे आणि त्याबद्दल त्यांना पद्मश्रीही जाहीर झाली. तेव्हा मी त्याचे पोवाडे गात नाही. मला त्यातले फावडे दिसते. डोंगरउतारावर सलग समतल चर खणावयाचे, पावसाने ते गाळाने भरले की पुन्हा उपसावयाचे, बांध घालावयाचे, फुटले की पुन्हा घालावयाचे. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन ही सूत्रे ग्रामसभेत एकदा मान्य करावयाची आणि मग रोज पाळावयाची. हौद उकरण्यात आणि ह्या चर उपसण्यात मला काहीच भेद दिसत नाही. गावातल्या सुमारे ९० विहिरींच्या जागी पुढे २९४ विहिरी झाल्या, आणि जे पाणी ८० ते १२५ फुटांवर गेले होते ते १५ ते ४० फुटांवर आले, असे आकडे नमूद आहेत.

पण ह्याहूनही मला जी गोष्ट मोलाची वाटते ती त्यांच्या पाण्याच्या जमाखर्चाची. दर पावसाळ्यानंतर गाव पाऊस मोजते, भूजलाचा अंदाज घेते, माणसांना आणि गुरांना किती लागेल ते आधी बाजूला काढते, आणि उरलेल्यात कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी तर पेरा कमी. शेतीसाठी कूपनलिका खणावयाची नाही, ऊस लावावयाचा नाही. इतकी वर्षे यश पदरात पडल्यानंतरही गेल्या वर्षीचा ताळेबंद ह्या वर्षी चालत नाही. ह्या जिल्ह्याच्या उत्तर भागात प्रवरेच्या कालव्यांवर उसाचे मळे उभे राहिले, भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, आणि पाणी ही कायमची मिळकत आहे अशी एक समजूत त्या पट्ट्यात मूळ धरून बसली. पर्जन्यछायेतील एका छोट्या गावाने मात्र ती वहिवाट आहे हे ओळखले. कोणाचे पीक मोठे, हा प्रश्न येथे नाही. पुढच्या दुष्काळातही कोणाला झोप लागते, हा आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरीची अजिंक्यपद स्पर्धा आमच्या शहरात झाली आणि पृथ्वीराज मोहोळ ह्याने गदा पटकाविली. मैदानात तोबा गर्दी होती, हलग्या घुमत होत्या, प्रकाशझोतांनी रात्रीचा दिवस झाला होता. पंचांच्या निर्णयावरून तेथे जो गोंधळ झाला तोही साऱ्या महाराष्ट्राने पाहिला, आणि मला तत्काळ फरिश्ता आठवला. बळ कमावणे आणि बळ आवरणे ह्या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, आणि पहिलीच्या तालमी गल्लोगल्ली असताना दुसरीची एकही नसावी, ही त्याची मूळ तक्रार निजामशाहीबरोबर संपलेली नाही.

त्या भव्य मैदानापेक्षा, खरे सांगावयाचे तर, माझे मन गावच्या हगाम्यात अधिक रमते. चैत्र-वैशाखात ह्या जिल्ह्यात गावोगाव यात्रा भरतात, आणि दुपारचे ऊन कलले की कुस्त्या लागतात. आरंभ रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. चड्डी सावरीत, नाक ओढीत, सात-आठ वर्षांची पोरे मातीत उतरतात, कोणाचा हात कोठे आहे हे त्यांचे त्यांनाही कळत नाही, आणि जो वर राहील त्याच्या ओंजळीत पंच मूठभर रेवड्या टाकतो. मग नारळ, मग भांडे, मग फेटा, आणि दिवेलागणीला शेवटची इनामाची मोठी जोड. एकाच संध्याकाळी, एकाच मातीत, बाळपणापासून परिपक्वतेपर्यंतची सगळी श्रेणी आपल्यापुढून सरकत जाते, आणि फेट्याच्या कुस्तीतील पठ्ठा हा पाच-दहा वर्षांपूर्वी येथेच रेवड्या खाऊन गेला होता हे काठावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याच्या बापाला तर तारीखही ठाऊक असते.

आता वय असे झाले आहे की मुद्गल मी हलका घेतो, आणि बैठका मारताना गुडघे आपले म्हणणे ऐकवितात. १९९० मध्ये बोस्टन येथील काही संशोधकांनी शुश्रूषागृहात राहणाऱ्या, नव्वदीच्या घरातील दहा दुबळ्या वृद्धांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला, आणि त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, असे वाचल्यापासून मी माझ्या समवयस्कांना हा आकडा जेथे भेटेल तेथे ऐकवीत असतो. ते मला हसतात. त्यांच्यापैकी एक गृहस्थ, जे तरुणपणी माझ्याहून सरस मल्ल होते आणि ज्यांनी लग्नानंतर लंगोट खुंटीला लावला तो कायमचाच, ते म्हणाले, ‘‘अहो, आम्ही काय कमी मेहनत केली आहे? ती कुठं जाणार?’’ मी त्यांना १८८२ चा कायदा सांगितला नाही. त्यांना दोन जिने चढून आल्यामुळे धाप लागली होती.

तालमीत सध्या एक नवा वाद निघाला आहे. नगरची काळी माती कुस्तीच्या कामाची नाही. तांबडी माती लांबून आणावी लागते, आणि हौदातील जुनी माती आता निःसत्त्व झाली असून ती बदलावयास हवी ह्यावर सर्वांचे एकमत आहे. तरुण पोरांचे म्हणणे असे की त्या खर्चात मॅट घ्यावी, कारण पुढच्या साऱ्या स्पर्धा मॅटवर होतात. जुन्यांचे म्हणणे, मातीशिवाय तालीम कसली. मला पोरांचे बरोबर वाटते: मल्ल खाशाबा जाधव १९४८ साली ऑलिंपिकसाठी लंडनला गेले तेव्हा मॅटची ओळख नसतानाही सहावे आले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले ते मॅटवरच, मातीवर प्रेम असणाऱ्याने मॅटचा द्वेष केला पाहिजे असे कोठे लिहिलेले नाही. पण हौद बुजवून मॅट अंथरण्यास माझा विरोध आहे, आणि तो मी बैठकीत लेखी दिला आहे. तूर्त ठरले आहे ते असे की मॅट मागच्या पडवीत घालावी, हौद आहे तेथे ठेवावा, आणि पहाटे तो उकरल्याशिवाय कोणालाही मॅटवर जाऊ देऊ नये. वर्गणीची वही माझ्याकडे सोपविली आहे. मातीच्या गाडीचे भाडे एकाने कबूल केले, तेलाचे डबे दुसऱ्याने. हळद-कापूर आमच्या पेठेतला किराणा दुकानदार दर खेपेस देतो, यंदाही देईल. ताक कोणी द्यावयाचे ते मात्र अद्याप ठरावयाचे आहे, आणि रविवारच्या आत ते ठरले पाहिजे, कारण माती सोमवारी येते आहे.